सव्वाअकराचा वारा

दहा वर्षं कंत्राटावर भूगोल शिकवून माझा जीव मेटाकुटीला आला होता. गेल्या मार्चमध्ये अंधेरीच्या एका शाळेत कायमची जागा निघाली. मुलाखत म्हणजे ऑनलाइन पाठ घ्यायचा. विषय हवेचा दाब आणि वारे, वेळ साडेअकराची. वर इस्त्रीचा कुर्ता, खाली फुलाफुलांचा पायजमा, अशी मी बोरिवलीच्या घरात तयार बसले होते.

सव्वाअकराला कुरिअरवाला आला. मी दाराबाहेर जाऊन सही केली आणि मागे धाडकन दार लागलं. लॅचचं दार. चावी आत, मोबाइल आत, लॅपटॉप आत. लागली ना वाट.

कारण मला माहीत नव्हतं असं नाही, तेच तर शिकवायचं होतं. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. ऊन चढलं की जमीन समुद्राआधी तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, दाब कमी होतो, आणि ती जागा भरायला समुद्रावरची गार, जड हवा घुसते. माझी पश्चिमेची खिडकी सताड उघडी. भूगोलाच्या बाईंना भूगोलानेच घराबाहेर काढलं होतं.

शेजारच्या मालवणी काकूंकडे माझी जादा चावी असते, त्यांची माझ्याकडे. मी त्यांची बेल दाबली. त्या चावी घेऊन माझ्या दारापर्यंत आल्या, माझा पायजमा बघून हसल्या आणि "जा गो, पळ," म्हणाल्या. मी त्यांच्या हातातली चावी घेऊन दार उघडलं, आत शिरले आणि दार लोटलं. पाठोपाठ बाहेर आणखी एक धाडकन झालं, पण माझं तिकडे लक्षच नव्हतं.

पाठ मात्र झकास झाला. तयार केलेली चित्रं ठेवली बाजूला आणि दाराचीच गोष्ट सांगितली. पृथ्वी म्हणजे असंच मोठं घर, विषुववृत्ताकडे तापलेलं, ध्रुवांकडे गारठलेलं. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे हवा सारखी धावते, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून तिची वाट वाकडी होते. स्क्रीनवरचे तिघे परीक्षक हसत होते. जागा आपलीच, हे मला तिथेच कळलं.

पाऊण तासाने काकूंना सांगायला म्हणून दार उघडलं. काकू जिन्याच्या पायरीवर बसलेल्या, घामाने भिजलेल्या. त्यांचं दारही त्याच वाऱ्याने लावून टाकलं होतं, आणि त्यांची चावी माझ्या दारामागच्या खिळ्याला.

"अहो, मग बेल का नाही वाजवलीत?"

"कशी वाजवू गो? तुजी परीक्षा चालू होती मा."

मी खिळ्यावरची चावी काढली आणि त्यांच्या हातात दिली.