कनातीआडचा सिनेमा

धाराशिवकरांनो, शनिवारच्या 'निजामकालीन संध्याकाळी'ला जाणार असाल तर आधी हे वाचा.

गाणी, नाच आणि मैदानावर जुना सिनेमा असा बेत आहे. आज सकाळी त्याचे संयोजक माझ्या शेजारच्या रशीदाखालांना आमंत्रण द्यायला आले. खाला नव्वदीच्या पुढच्या. चाळीसच्या दशकात इथल्या तंबूतल्या सिनेमाला गेलेलं दुसरं कोणी आता मला माहीत नाही.

"खाला, तेव्हासारखी बायकांसाठी कनात लावतोय. तुम्ही कापडाआड बसा, फोटो झकास येतील," संयोजक म्हणाले.

खालांनी कप खाली ठेवला. "बेटा, दिवे मालवले की कनात वर करायचे, तवा बायकांना सिनेमा दिसायचा. अम्मीसंगं म्या एकदाच गेले. त्या दिवशी कनात वर करायचं कुणाच्या ध्यानातच न्हाय राहिलं. आख्खा सिनेमा म्या नुसता ऐकला. आता मला पुढं बसव."

"पण मग जुना फील कसा येणार?"

"मग तू बस की कनातीआड!"

साहेब हसले आणि कनात राहणारच, असं सांगून निघून गेले.

बायकांना आडोशाला बसवणं यांना सजावट वाटते, याची मला चीड येते. शनिवारी मी घरच्या दोन खुर्च्या नेऊन कनातीच्या पुढं, पहिल्या रांगेत मांडणार आहे. एक खालांची, एक माझी.

तुमची खुर्ची कुठं असेल?