चादरीचं दुसरं टोक

थोरलीला चिडायला कारण लागत नाही, असं घरचे म्हणायचे. साफ खोटं! कारण दरवेळी असायचं आणि ते घरच्यांनीच दिलेलं असायचं.

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. दोघी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायच्या. काम जोडीचं. समोरासमोर उभं राहून कोपरे धरायचे, चादर ताणायची आणि एकमेकींकडे चालत यायचं. थोरलीचे गुडघे कुरकुरायचे, म्हणून आपले कोपरे तिच्या हातात देऊन खालची घडी उचलायला कायम धाकटीच वाकायची. बोलायची गरजच नव्हती. थोरलीने हिसका दिला की धाकटीचं पाऊल पुढे पडायचं.

माणसं कामात कशी हलतात, वाकतात, चालतात यावर फिल्म करणारी एक बाई तिथे आली आणि आठवडाभर कॅमेरा घेऊन दोघींच्या मागे हिंडली. थोरली वैतागली. धाकटी मात्र खुलली. तिचा नवरा म्हणाला, "तुला कोण बघणार गं?" जन्मात उलट न बोललेली धाकटी म्हणाली, "तुम्हीच चला की बघायला!"

फिल्म एका हॉलमध्ये दाखवली. पडदा म्हणून भलंमोठं पांढरं कापड दोऱ्यांनी ताणून बांधलं होतं. धाकटी ठेवणीतले कपडे घालून नवऱ्याशेजारी पहिल्या रांगेत बसली, थोरली मागे.

पडद्यावर थोरलीचे हात आले. खांदे आले, पाठ आली. चादर मात्र कुठूनशी आपोआप येत होती. धाकटीचा हात दिसणार, इतक्यात चित्र बदलायचं. दरवेळी! शेवटी नाव झळकलं: 'एकटी'.

"अगं, तू आहेस कुठे?" नवरा मोठ्याने हसला. धाकटीने मान खाली घातली.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा पुढे फिल्मवाल्या बाईकडे गेली. "कोण एकटी? मी? आणि ही काय घरी झोपली होती?"

"मावशी, मला तुमच्यातलं एकटेपण दाखवायचं होतं," बाई गोड आवाजात म्हणाली. "त्या समोर आल्या की ते नाहीसं व्हायचं."

"मग होतं कुठे ते, बाई? ती रोज समोर असते! तिला कापून टाकलंस आणि मला म्हणतेस एकटी? लाज नाही वाटत?"

उत्तराची वाट कोण बघतंय! थोरलीने पडद्याच्या दोऱ्या सोडल्या. कापड खाली आलं आणि 'एकटी' हे नाव उघड्या भिंतीवर पडलं.

"धाकटे, ऊठ. धर."

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. तो पुटपुटला, "बसून राहा, तमाशा नको." ते ऐकलं मात्र आणि ती उठली. दोघींनी कोपरे धरले, कापड ताणलं. हिसका बसला. धाकटी चालत आली, कोपरे दिले, वाकली, घडी उचलली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हा कार्यक्रमाचाच भाग वाटला त्यांना! बाईने तर कॅमेरा उचलला.

"ठेव तो खाली!" थोरली कडाडली.

धाकटीला यातलं काही ऐकू गेलं नाही. घडी छातीशी धरून ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दिसले का आता?"

तो इकडेतिकडे बघू लागला.

"तिकडे नाही," ती म्हणाली. "इकडे बघा."