झेलिंदाचे बारा शांत दिवस

झेलिंदा स्कांदोलिन ओरडायला लागली की का-मोरेत्ताच्या शिवारात बैल आपणहून वळतात, असं लोक म्हणत. बैलांचं मी पाहिलेलं नाही. तिचा नवरा प्लाचिदो वळायचा, हे मात्र रोज पाहिलं.

लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती. पाडुआच्या विद्यापीठाची पदवी घेऊन मी इथल्या शाळेत मास्तरीण म्हणून आले आणि खोली मिळाली ती झेलिंदाच्या घरात, धान्याच्या कोठीशेजारी. जमीन मालकाची, मालक शहरात. सात घरं ती अर्धेलीनं कसायची आणि सातही घरांतल्या बायकांवर राज्य झेलिंदाचं. जानेवारीत डुक्कर कापलं की मांसाला मीठ किती लावायचं, ते ती बोट चाटून ठरवी. जूनमध्ये सगळी घरं मिळून गहू कापत, तेव्हा कोणाच्या हातून कणसं राहिली ते बांधावरून नावानिशी सांगे. सप्टेंबरात द्राक्षं तुडवायला उतरणाऱ्या पोरींचे पाय ती स्वतः तपासे. आणि हे सगळं करताना तोंड चालू. शिव्या नव्हेत, शिव्या देणारं माणूस लवकर दमतं. ती मुद्दे मांडायची. मोठ्यानं.

वर्षातले बारा दिवस तेवढी ती गप्प असे. एप्रिलच्या अखेरीला, संत मार्कोच्या सणाला, रेशमाच्या किड्यांची अंडी यायची. खसखशीएवढी, राखाडी. उबवायच्या पेट्या तेव्हा निघाल्या होत्या, पण आमच्या बायकांचा पेटीवर विश्वास नव्हता. अंडी मऊ कापडाच्या पुरचुंडीत बांधून बाईनं उराशी ठेवायची, बारा दिवस, झोपेतसुद्धा. सातही घरांची अंडी झेलिंदाच्या पोलक्यात. ऊब एकसारखी हवी. रागानं रक्त तापतं, रक्त तापलं की अंडी वेळेआधी फुटतात, तुतीला अजून पाला नसतो आणि अळ्या उपाशी मरतात, अशी समजूत. मी शास्त्र शिकलेली. असं काही नसतं, म्हणाले.

"बरं," झेलिंदा म्हणाली. त्या बारा दिवसांत ती सगळ्यालाच "बरं" म्हणायची.

आणि घर त्याचा पुरेपूर फायदा घ्यायचं. तिचा दीर एर्मिनिओ चिखलाच्या बुटांनी थेट चुलीपर्यंत येऊन बसायचा.

"वहिनी, आज मक्याचा पोलेंता जरा पातळच झालाय, नाही?"

"बरं."

"कालचा करपला होता."

"बरं हं, भाऊजी."

शेजारणीच्या कोंबड्या तिच्या भाजीच्या वाफ्यात खुशाल फिरायच्या. प्लाचिदो शीळ घालायचा. एरवी मला वाटे, त्याला शीळ येतच नाही.

एका वर्षी थंडी रेंगाळली. तुतीला नुसते कोंब. आणि आठव्या दिवशी कारभारी कालेगेर मोटरसायकलवरून आला. बरोबर दोन माणसं आणि एक लांब करवत. इस्टेटीत ट्रॅक्टर येणार होता, त्याला वळायला जागा हवी, म्हणून रस्त्याकडेची तुतीची रांग तोडायची. एक्केचाळीस झाडं, सात घरांचा निम्मा पाला त्यांच्यावर. हे तो मार्चमध्ये सांगू शकला असता, कोश उतरल्यावर जूनमध्ये सांगू शकला असता. त्यानं आठवा दिवस निवडला. माणूस हुशार होता, ते मान्य करायला हवं.

गलका ऐकून मी शाळेतून बाहेर आले. बायका जमल्या होत्या, पुढं झेलिंदा.

"नमस्कार, झेलिंदाबाई," कारभाऱ्यानं हॅट काढली. "तब्येतीला जपताय ना?"

"जपतेय, कारभारी." इतका मऊ आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "झाडं मात्र राहू द्या हं. पाला नसला तर किडे खातील काय?"

"उरलेल्या झाडांचा पुरेल की."

"नाही पुरत हो."

"पुरवा. तुमच्यासारखी हुशार बाई!" असं म्हणून त्यानं करवतवाल्यांकडे बघून डोळा मारला.

करवत पहिल्या झाडाला लागली.

झेलिंदाचे कान लाल झाले. प्लाचिदो तिच्या बाहीला लोंबकळला. "झेले, गप्प बस. अंडी तर जातीलच, वर ह्यानं नोटीस दिली तर संत मार्तिनोच्या दिवशी गाडी भरावी लागेल." खोटं नव्हतं ते. आमच्याकडे करार नोव्हेंबरात, त्याच दिवशी संपतात. दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या खाटा, भांडी आणि कोंबड्या गाडीवर चढलेल्या दिसत.

ओरडावं तर अंडी जाणार. न ओरडावं तर पाला जाणार, मग अंडी राहून तरी काय उपयोग? तिनं छातीवर हात ठेवला आणि सभोवार पाहिलं. बायका सगळ्या रागानं फुललेल्या. तिची नजर माझ्यावर थांबली.

"मास्तरीणबाई, तुम्हाला राग आलाय?"

"अजून नाही." खरं तर मी नुकतीच पोचले होते.

"छान. वरचं बटण काढा."

आणि कारभाऱ्यादेखत, करवतवाल्यांदेखत, तिनं पुरचुंडी आपल्या पोलक्यातून काढून माझ्या पोलक्यात कोंबली. नुकत्याच भाजलेल्या पावासारखी गरम होती ती.

"सरळ उभ्या राहा. आणि ऐकू नका," एवढं बजावून ती वळली.

मी अर्थातच ऐकलं.

"अरे कालेगेरच्या पोरा! पोटात तू होतास तेव्हा तुझी आई माझ्याबरोबर ह्याच झाडांवर चढून पाला ओरबाडत होती. आणि तू करवत घेऊन येतोस? बाईला बोलता येत नाही तो दिवस शोधून येतोस? जूनमध्ये निम्मे कोश मालकाचे असतात. मालकीणबाई विचारतील, कोश कुठायत, तर काय दाखवशील, ट्रॅक्टरचं चाक? वळायला जागा हवी म्हणे! हा माझा नवरा दारातून बाहेर पडताना चौकटीला अडकतो, तोसुद्धा चाळीस वर्षं बैलांची जोडी ह्याच कोपऱ्यात वळवतोय!"

"झेलिंदाबाई, अहो, अंडी..."

"अंडी शाळेत गेली!"

मुद्दे संपायला तासभर लागला. करवतवाले करवत आडवी टाकून तिच्यावर बसले. एकानं शिदोरी सोडून खायला घेतली.

"नोव्हेंबर लक्षात असू द्या," कारभारी शेवटी म्हणाला.

"आहे की. भरते गाडी. मग तू आणि तुझा ट्रॅक्टर मिळून गहू कापा, द्राक्षं तुडवा, अन् डुकराला मीठही तूच लाव!"

यावर सातही घरांतल्या बायका एकेक करून तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. कुणी तसं ठरवलं नव्हतं. कारभाऱ्यानं त्या मोजल्या असाव्यात. हॅट डोक्यावर ठेवून म्हणाला, "जूननंतर बघू," आणि मोटरसायकलला लाथ मारली. जून आला, गेला. नोव्हेंबरही गेला, नोटीस आली नाही. ट्रॅक्टर आला तो वळायला शिकला.

त्या संध्याकाळी झेलिंदा पुरचुंडी मागायला आली. मी तिचं मनगट धरून पाहिलं. तव्यासारखं तापलेलं.

"आज नाही देणार."

"अहो राग कसला! मी आपली नुसती बोलत होते."

"उद्या बघू."

उद्याही दिली नाही. चार दिवस मी ताठ मानेनं शिकवलं, उताणी झोपले, वर्गात कुणावर आवाज चढवला नाही. त्याचे परिणाम पुढं परीक्षेत दिसले. माझा शास्त्रावर विश्वास होता, पण सात घरांची अंडी होती. प्रयोग करायची ती जागा नव्हे.

बाराव्या दिवशी शुद्धलेखन सांगता सांगता छातीवर गुदगुल्या झाल्या. पोरांना तसंच सोडून धावत घरी गेले. पुरचुंडीत केसाएवढ्या काळ्या अळ्या वळवळत होत्या. बाहेर तुतीला नखाएवढी पानं आली होती. करवत लागलेल्या पहिल्या झाडाच्या जखमेवर झेलिंदानं शेणमातीचा लेप देऊन वर पोतं बांधलं होतं.

"त्याचा पाला नको," ती म्हणाली. "त्याला ह्या वर्षी सुट्टी."

शेजारच्या झाडाचा पाला आला. तिनं एक पान उचललं, गालाला लावलं आणि थबकली.

"ओला आहे! दवातला पाला कोणी तोडला? किडे मारायचेत का? कोणाचे हात हे?"

आवाज पार गिरणीपर्यंत गेला असणार. एर्मिनिओनं दारातच बूट काढले.