आईशेजारी उभा राहिलेला हिरो

लॅमिनेशनच्या तापलेल्या प्लास्टिकचा वास आला, की मला आमच्या गावची, उमापूरची ती संध्याकाळ आठवते. गेवराईला मी नुकतीच कॉम्प्युटरवर फोटो जोडायला शिकले होते. आईला सिनेमातला एक हिरो फार आवडायचा, म्हणून करडू कडेवर घेतलेल्या तिच्या फोटोत मी त्याला शेजारी उभं केलं. दोघांवर ऊन एकाच बाजूने पडावं म्हणून त्याची सावली चार वेळा पुसून नव्याने रंगवली. मोबाईलवर तो फोटो बघताच आईने पदर सावरला. "लई खेटून उभा हाय गं, जरा सरकव त्याला," ती म्हणाली. मी त्याला हातभर सरकवलं आणि फोटो छापून, लॅमिनेशन करून भिंतीवर लावला. दिवेलागणीपर्यंत गल्लीतल्या बायकांनी घर भरून गेलं. "कवा आलता ह्यो, वैनी?" शेजारच्या काकूंनी विचारलं. आई शांतपणे म्हणाली, "परवा. तुमी रानात गेलता." कुणीच हसलं नाही. काकूंनी हिरोच्या तोंडावरून हळूच बोट फिरवलं आणि विचारलं, "च्या तरी पाजला का त्याला?" आता फोटो जोडायचं हेच काम माझा धंदा झालाय, आणि गावी गेले की काकू अजून विचारतात, "परत कवा येणार हाय गं त्यो?"