निरीक्षणाचे शंभर तास

बायकांच्या सात नंबरच्या वॉर्डात तिला सगळे मावशी म्हणत. अठराव्या वर्षी कामाला लागली तेव्हापासून. सत्तरीच्या म्हाताऱ्या मावशी म्हणत, त्यांना बघायला आलेले लेक-जावई मावशी म्हणत, आणि टोपीची इस्त्रीसुद्धा न मोडलेल्या नव्या सिस्टरही मावशीच म्हणत. आता ती चौतीस वर्षांची झाली होती. सोळा वर्षांत तिला नाव विचारणारा माणूस एकच, पगारपत्रकाचा कारकून. तोही दर वर्षी नव्याने विचारायचा.

नव्या सिस्टर आल्या की मावशी त्यांना पहिले दोन दिवस नुसती बघायची. जड बाईला कुशीवर वळवायचं तर आधी तिचा गुडघा उभा करावा लागतो, मग खांदा आणि कंबर धरून आपल्याकडे ओढायचं, हे यांना चार वर्षांत कुणी शिकवलेलं नसायचं. शिकवलं असेल तर त्यांनी ते वहीत ठेवलेलं असायचं. तिसऱ्या दिवशी त्या हळूच विचारत, "मावशी, जरा येता?" मावशी जायची, बाईला वळवायची, पाठ पुसायची, चादरीची सुरकुती काढायची. मग सिस्टर खाटेच्या पायथ्याचा कागद घेऊन लिहीत, 'रुग्णाला कुशीवर वळवले', आणि खाली झोकात सही. काम मावशीचं, सही सिस्टरची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा पांढऱ्या कपड्यांत असतो, हे मावशीला या वॉर्डात कळलं.

नोकरीच्या सोळाव्या वर्षी तिने ठरवलं की सही आपली पाहिजे. घरून परीक्षा देऊन ती विज्ञान घेऊन बारावी झाली होती, चांगल्या गुणांनी. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. तो म्हणाला, "कर अर्ज. फक्त ताईला सांगू नकोस एवढ्यात. तिची पोरगीही भरतेय. तिला वाटेल, आपण स्पर्धा करतोय."

"करतोयच की," मावशी म्हणाली.

विद्यापीठाच्या नर्सिंगच्या पदवीला जागा चाळीस, अर्ज बावीसशे. अर्जासोबत कुठल्याही रुग्णालयात रुग्णसेवेचं शंभर तास निरीक्षण केल्याचा दाखला लागायचा. मावशीला हसू आलं. शंभर तास तर तिचे पंधरवड्यात होत. ती सोळा वर्षांचा दाखला घेऊन विद्यापीठाच्या खिडकीशी गेली. खिडकीतल्या बाईने तो उलटसुलट करून बघितला.

"हे चालणार नाही."

"का?"

"ही नोकरी झाली. पगारी काम धरत नाहीत. निरीक्षण पाहिजे. स्वेच्छेने केलेलं."

"म्हणजे मी सोळा वर्षं केलं ते नाही चालत, आणि शंभर तास नुसतं बघितलं तर चालतं?"

"नियम मी नाही केले, बाई," ती म्हणाली, आणि मागच्या मुलीचा कागद घ्यायला हात पुढे केला.

मग मावशीने आपल्याच वॉर्डात निरीक्षण सुरू केलं. दुपारी दोनला ड्युटी संपली की ती गणवेश काढून घरचे कपडे घालायची, गळ्यात 'निरीक्षक' अशी पाटी अडकवायची आणि मघाशी जिथे फरशी पुसली तिथेच भिंतीला टेकून उभी राहायची. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरनी नियम वाचून दाखवला होता. "निरीक्षकाने रुग्णाला किंवा साहित्याला हात लावायचा नाही. लावला तर त्या दिवसाचे तास रद्द. मावशी, तुमच्यासाठी वेगळा नियम नाही हं."

"मावशी, पाणी दे गं," चार नंबरची म्हणे.

"मी आत्ता मावशी नाही."

"मग कोण आहेस?"

"निरीक्षक."

"बरं, निरीक्षक, पाणी दे."

पहिल्या आठवड्यात तिचे तीन दिवस बाद झाले. एकदा पाण्याच्या पेल्यामुळे, एकदा घसरलेल्या उशीमुळे, एकदा कुणाच्या तोंडावरची माशी हाकलल्यामुळे. शेवटी ती हात मागे बांधून उभी राहायला शिकली. उजव्या हाताने डाव्या हाताचं मनगट घट्ट धरायचं. तिच्या आयुष्यात इतकं कष्टाचं काम तिने केलं नव्हतं.

नणंदेची लेकही त्याच वॉर्डात शंभर तासांसाठी येत होती. म्हणजे पाटी गळ्यात घालून यायची. नणंदेने फोन केला होता, "वहिनी, जरा लक्ष ठेव हं पोरीवर. तिला रक्त बघवत नाही, वासाचीही जरा भीती वाटते. बाकी सेवेची आवड फार आहे." सेवेची आवड असलेली ती पोरगी चादरींच्या खोलीत स्टुलावर बसून मोबाइल बघायची आणि जाताना वहीत तास लिहायची. मामीच्या गळ्यातही तीच पाटी आहे, हे तिच्या लक्षातही आलं नाही. तिचे खरे तास मावशीने मोजले होते, एकतीस भरले. दाखल्यावर शंभर आले. मोठ्या सिस्टरनी वही बघून सही केली. पोरीकडे बघून केली असती तर बरं झालं असतं.

एका रविवारी ती पोरगी कागद घेऊन घरी आली. 'मला परिचारिका का व्हायचे आहे', तीनशे शब्द. क्लासच्या सरांनी निम्मा लिहून दिला होता.

"मामी, आजीला पाठीला झालं होतं ना पडून पडून, त्याला काय म्हणतात?"

"बेडसोअर. का?"

"इथे लिहायचंय. सर म्हणाले, स्वतःचा अनुभव घाल."

मावशीने कागद घेतला. 'माझ्या आजीचे कंबरेचे हाड मोडले तेव्हा मी आठ महिने तिची अहोरात्र शुश्रूषा केली. तिच्या डोळ्यांतील कृतज्ञता पाहून मला माझ्या जीवनाचे ध्येय गवसले.' आजी म्हणजे मावशीची सासू. आठ महिने तिला उचललं, धुतलं, भरवलं ते मावशीने, ड्युटी करून. नात दोनदा आली होती, फळं घेऊन, आणि दाराशी नाकाला रुमाल लावून उभी राहिली होती. कृतज्ञतेचं म्हणाल तर सासूबाई आता ठणठणीत होत्या आणि सुनेला नावं ठेवण्याइतकी ताकद त्यांच्यात परत आली होती. त्या पलीकडच्या खोलीतून म्हणाल्या, "कुणाशी बोलतेस गं? चहा टाक आधी."

"छान लिहिलंयस," मावशी म्हणाली. "फक्त रुमालाचं राहिलं."

पोरीला कळलं नाही. "कुठे घालू?" तिने विचारलं.

मावशीने स्वतःच्या अर्जात तीनच वाक्यं लिहिली. 'मी सोळा वर्षे हे काम करते. ज्यांना ते येत नाही त्या मला काय करायचे ते सांगतात. मला ते बदलायचे आहे.'

लेखी परीक्षा तिने सहज पार केली. खरी गंमत पुढे होती. निवडलेल्या दीडशे जणींना एकेक करून एका खोलीत सोडायचं, आत खाटेवर एक बाई आजारी असल्याचं सोंग घेऊन पडलेली, कोपऱ्यात दोन परीक्षक गुणांचा तक्ता घेऊन. वेळ सात मिनिटं.

मावशी आत गेली. बाईची मान उशीवरून सरकली होती. पाण्याचा पेला हाताला लागणार नाही असा लांब ठेवला होता. चादर पायाशी गोळा झालेली, खाटेची चाकं न अडकवलेली. हे सगळं मुद्दाम केलेलं होतं आणि मावशीला ते दारातूनच दिसलं. तिने चाकं अडकवली, उशी बसवली, बाईला वर सरकवलं, चादर ताणली, पेला जवळ आणला, नखांचा रंग बघितला, कपाळाला हात लावला. साडेतीन मिनिटांत काम झालं. मग ती नेहमीप्रमाणे भिंतीशी जाऊन उभी राहिली. बाई सोंग विसरून म्हणाली, "बरं वाटलं हो." परीक्षक घड्याळाकडे बघत होते.

"झालं तुमचं?"

"झालं."

"काही बोलायचंय रुग्णाशी?"

"आता झोपू दे त्यांना," मावशी म्हणाली.

निकालासोबत तो तक्ताही मिळाला. चाकं, उशी, चादर, पेला, सगळ्याला पूर्ण गुण. 'स्वतःचे नाव सांगून ओळख करून दिली', दोन पैकी शून्य. 'स्पर्श करण्यापूर्वी परवानगी विचारली', दोन पैकी शून्य. चाळिसाव्या मुलीपेक्षा मावशीला एक गुण कमी पडला होता. ती प्रतीक्षा यादीत पहिली होती. रुग्णाला नाव सांगायचं असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. सोळा वर्षांत कुणाला हवं होतं ते?

यादीत नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. त्यामुळे नणंदेला काहीच कळलं नाही. ती मिठाईचा डबा घेऊन आली. पोरगी एकोणतिसावी आली होती.

"खोलीत गेली आणि खाटेवरच्या बाईचा हात हातात घेऊन म्हणाली, 'मी तुमची काळजी घेणार आहे, घाबरू नका.' परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे," नणंद सांगत होती.

"आणि पेला?" मावशीने विचारलं.

"कसला पेला?"

"काही नाही. डबा इकडे द्या, ताई."

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "पुढच्या वर्षी पुन्हा भर." मावशी म्हणाली, वर्ग सुरू झाल्यापासून तीस दिवसांत कुणी सोडलं तर ती जागा मला मिळते. तो म्हणाला, "एवढी मारामारी करून मिळालेली जागा कोण सोडतंय?" मावशीने त्याला आणखी भात वाढला. कोण सोडेल हे तिला माहीत होतं. तिने एकतीस तास बघितलं होतं.

बाविसाव्या दिवशी पहिल्या वर्षाच्या मुली प्रात्यक्षिकासाठी सात नंबरला आल्या. कडक एप्रन, नव्या चपला, खिशाला घड्याळ. त्यांच्या शिक्षिकेने वॉर्डात येताच टाळी वाजवली. "आज सगळं मुलींनी स्वतः करायचं. मावश्यांनी मध्ये पडायचं नाही, कृपा करून. तुम्ही करून दिलंत की या शिकत नाहीत."

सकाळीच नणंदेचा फोन येऊन गेला होता. "वहिनी, पोरगी रडते गं रोज. सोडते म्हणते. तू आहेस ना तिथे? सांभाळून घे. एवढे आठ दिवस गेले की होईल सवय."

"बघते," मावशी म्हणाली होती.

पोरीला अकरा नंबरची आजी दिली होती. खुब्याचं ऑपरेशन झालेली, अंगाने भरलेली, तोंडाने त्याहून. "ए मुली, बेडपॅन लाव. कधीची सांगतेय." पोरगी पॅन हातात घेऊन उभी होती, फुलांचं तबक धरल्यासारखी, अंगापासून लांब. शिक्षिका दुसऱ्या टोकाला रक्तदाब शिकवत होती.

"मामी," पोरगी हळूच म्हणाली, "तू लाव ना. मी बघते."

मावशी खाटेपासून चार हातांवर उभी होती. चांगला गुडघा उभा कर, कुशीवर वळव, पॅन टेकव, परत पाठीवर आण. एवढंच सांगायचं होतं. हे तिने किती जणींना सांगितलं होतं त्याला गणती नव्हती, आणि त्या सगळ्यांनी खाली सही केली होती. शब्द अगदी ओठांवर आले. तिने उजव्या हाताने डाव्या हाताचं मनगट मागे घट्ट धरलं.

"बघून झालंय की तुझं," ती म्हणाली. "शंभर तास."

पोरीने एका हाताने आजीची कंबर उचलायचा प्रयत्न केला. ती काय उचलणार? पॅन निसटून फरशीवर आपटला, रिकामाच होता, पण आवाज वॉर्डभर झाला. आजी म्हणाली, "हिला आधी झोपवा कुणीतरी खाटेवर, मी उठते." शेजारच्या तिघी हसल्या. पोरीने एप्रनची गाठ सोडली, तो खुर्चीवर टाकला आणि चालती झाली. शिक्षिका मागे धावली. मावशीने पॅन उचलला, धुतला, आणि आजीला वीस सेकंदांत लावून दिला. निरीक्षण संपलं होतं.

संध्याकाळी नणंद घरी आली, डबा न घेता. सासूबाई आतून कान देऊन होत्या.

"सोडलं तिने. सही करून आली. तू तिथे होतीस ना, वहिनी?"

"होते."

"मग काय करत होतीस?"

"मध्ये पडायचं नाही असं बाईंनी सांगितलं होतं, ताई."

"घरची पोर होती. एक हात लावला असतास तर काय झिजली असतीस?"

मावशीने तिच्यासमोर चहा ठेवला. हात लावण्याचा हिशेब या घरात कुणी मांडला नव्हता, म्हणून तिनेही मांडला नाही. "ती जागा आता मला मिळेल," एवढं म्हणाली. "यादीत पहिली मीच आहे."

नणंदेचा कप बशीतच राहिला. सासूबाई आतून म्हणाल्या, "म्हणजे आता घरचं कोण बघणार?" नवरा चष्म्याची काच पुसत बसला. ती मघाशीच स्वच्छ झाली होती.

पुढच्या महिन्यात मावशी कडक एप्रन घालून त्याच वॉर्डात आली, वयाने निम्म्या मुलींच्या रांगेत शेवटी. शिक्षिका तक्ता घेऊन मागे उभी राहिली. खाटेवर कालच आलेली एक म्हातारी होती. मावशी तिच्यापुढे गेली, हात सरळ ठेवले, आणि आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं स्पष्ट आवाजात सांगितलं. मग विचारलं, "मी तुम्हाला हात लावू का?"

म्हातारीने डोळे किलकिले केले. "कोण म्हणालीस? असू दे. उशी सरळ कर गं, मावशी."

शिक्षिकेने तक्त्यावर खूण केली. दोन पैकी दोन.