टाकळ्याचं पटावरचं नाव

ग्रंथालयात माझ्या शेजारच्या संगणकावर एक मुलगी सकाळपासून टाकळा शोधत होती. कोकणात पावसाळ्यात बांधावर, वाटेवर कुठेही उगवणारी ही रानभाजी. शोधनिबंधांच्या त्या अफाट साठ्यात ती पुन्हा पुन्हा ‘टाकळा’ टाइप करी, आणि काही सापडलं नाही, असं पडदा तितक्याच शांतपणे सांगे. दुपारी तिला मार्गदर्शक बाईंना विषय दाखवायचा होता. “यावर कुणी कामच केलेलं नाही बहुतेक,” ती पडेल आवाजात म्हणाली.

मला माझा धाकटा भाऊ आठवला, घरात सगळे त्याला बाळूच म्हणत. शाळेच्या पहिल्या दिवशी गुरुजींनी पटावरचं नाव पुकारलं, तर हा ढिम्म बसून राहिला. ते आपलंच नाव आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. हाक ओळखीची नसेल तर समोर बसलेलंसुद्धा ओ देत नाही.

“शास्त्रीय नावाने बघ,” मी म्हटलं. ते नाव मध्यंतरी बदललंय, हे तिलाच आठवलं. मग माहेरचं आणि सासरचं लिहावं तशी तिने जुनी-नवी दोन्ही नावं लिहिली, मध्ये ‘किंवा’ या अर्थाचं ‘ऑर’ घातलं. पडदा भरून गेला. पानं, बिया, मुळं; कुठकुठल्या देशांतली माणसं आमच्या टाकळ्यावर वाकून बसली होती.

तिने तिथूनच कुजबुजत फोन लावला. “आई, टाकळा सापडला.”

पलीकडचा खणखणीत आवाज मलाही ऐकू आला. “हरवला होता कधी? न्हाणीमागे गुडघाभर माजलाय.”