‘सा’ धरणारे दामूकाका

रोज सोबत असलेल्या माणसाचं नाव आपण कसं विसरतो?

गेल्या महिन्यात मी या कम्युनिटीवर आमच्या नाशिकच्या गायनवृंदाचा इतिहास टाकला होता. वाद्यांशिवाय जॅझ आणि रागदारी एकत्र गाणारे आम्ही. मी घरातली पहिली पदवीधर, म्हणून लिहायचं काम हौसेनं घेतलं. चारही गायकांची नावं लिहिली.

पाचवे दामूकाका. अंबडच्या कारखान्यातून सुटले की थेट तालमीला यायचे आणि तंबोऱ्याच्या जागी बसून नुसता ‘सा’ धरायचे. आम्ही सुरांत कुठंही भटकलो तरी त्या ‘सा’वर परत यायचो.

परवा काका गेले. आज मी काकूंना भेटायला गेले, तर त्यांनी माझ्या लेखाची प्रिंट समोर ठेवली.

“चारदा वाचलं त्यांनी, पोरी. नाव नाय सापडलं.”

मला रडू आवरेना.

“रडू नको गं. हसले ते. म्हणले, तंबोऱ्याचं नाव कोण छापतं?”

तुमच्याकडूनही असं कुणी राहून गेलंय का?

घरी येताच मी जुना लेख काढून नवा टाकलाय. त्यात पहिलं नाव दामूकाकांचं आहे आणि पुढे लिहिलंय, गायक.